कर्त्या माणसाचा विमा : एका विमाप्रकाराचे अर्थविवेचन

'घरातला कर्ता माणूस गेला' हे वाक्य आपल्या बोलण्यात नित्य येते. त्यातील 'कर्ता' ह्या शब्दाचा अर्थ केवळ 'मिळवता' एवढाच घेतला, तर तो अपुरा ठरतो. एका घरात मिळवते दोघे-तिघे असू शकतात. कर्ता मात्र बहुधा एकच असतो. ज्याच्या शब्दावर वाणी उधार देतो, ज्याच्या नावावर सोयरीक जमते, भावकीतील तंटा ज्याच्यापुढे येऊन मिटतो, तो कर्ता. म्हणून त्याच्या मृत्यूने घराची केवळ मिळकत जात नाही, पतही जाते. मिळकतीचा हिशेब मांडता येतो. पतीचा हिशेब मांडणे कठीण, आणि तो मांडण्याचा यत्न ज्या विमाप्रकारात केला जातो, त्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. इंग्रजीत त्याला 'कीमॅन इन्शुअरन्स' म्हणतात. मराठीत 'प्रमुख व्यक्ती विमा' असा एक प्रतिशब्द आढळतो. परंतु 'प्रमुख' ह्या शब्दाने अधिकारपदाचा बोध होतो, आणि येथे पदाचा संबंध गौण आहे. 'कर्ता माणूस' हा शब्द मूळ कल्पनेच्या अधिक जवळ जातो असे मला वाटते. त्यातही एक अडचण आहे. तिचा निर्देश पुढे करीन.

प्रथम ह्या विम्याचे स्वरूप पाहू. नित्याच्या आयुर्विम्यात मनुष्य स्वतःच्या जीवावर विमा उतरवितो, हप्ता स्वतः भरतो, पॉलिसीचा मालकही तोच असतो, आणि त्याच्या पश्चात रक्कम पत्नीला वा मुलांना मिळते. कर्त्या माणसाच्या विम्यात हा सर्व संबंध पालटतो. विमा मागते ती पेढी किंवा कंपनी. हप्ता तीच भरते. पॉलिसी तिच्या मालकीची असते. मृत्यूनंतरची रक्कमही तिच्याच हाती पडते. ज्याच्या जीवावर हे सारे उभे असते, त्या माणसाकडे एवढेच येते की, त्याने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कागदावर सही करावी, आणि विम्याच्या दृष्टीने पुढे कधी तरी मरावे. त्याच्या वारसांना ह्या पॉलिसीतून काहीही मिळत नाही. ही गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे इष्ट आहे. कारण 'कंपनीने साहेबांचा मोठा विमा उतरविला आहे' हे ऐकून साहेबांच्या घरची मंडळी निर्धास्त होतात, आणि त्यांचा तो समज पुढे फार महाग पडू शकतो.

एखादे उदाहरण घेतल्यास पेढीची गरज समजेल. कोल्हापूर भागात ओतकामाचे अनेक कारखाने आहेत. समजा, त्यांपैकी एका मध्यम कारखान्यात धातुविद्येचा एक जाणकार आहे. रसाचे तापमान, मिश्रधातूंचे प्रमाण, वाळूच्या साच्याची ओल ह्या बाबतींत त्याचे अनुमान सहसा चुकत नाही. पुण्याचे दोन मोठे गिऱ्हाईक त्याच्यावर विश्वासून माल घेतात. बँकेने खेळत्या भांडवलासाठी कर्ज दिले, तेही कारखान्याची तांत्रिक बाजू त्याच्या हाती आहे हे पाहून. हा माणूस अकस्मात वारला तर पहिल्या महिन्यात बाद मालाचे प्रमाण वाढते. दुसऱ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे चौकशी करू लागते. तिसऱ्यात बँक कर्जमर्यादेचा फेरविचार करते. त्याच्या जागी येणारा मनुष्य शोधावयाचा, त्याला अधिक वेतन द्यावयाचे आणि त्याचा हात बसेपर्यंत तोटा सोसावयाचा. कारखान्याची भट्टी जळाली असती तर आगीच्या विम्याने ती पुन्हा उभी राहिली असती. भट्टीपाशी उभा राहणारा माणूस गेला, तर ती रक्कम कोठून यावी, ह्या प्रश्नाला हा विमा उत्तर देतो. तो माणूस परत देत नाही. अवधी देतो, आणि पुष्कळदा तेवढ्याने धंदा तरतो.

आता तत्त्वाचा प्रश्न. दुसऱ्याच्या जीवावर विमा उतरविण्याचा अधिकार कोणाला असावा? अठराव्या शतकातील इंग्लंडात ह्या बाबतीत कसलाही निर्बंध नव्हता, आणि आजारी पडलेल्या नामांकित पुरुषांच्या जीवावर लोक विम्याच्या रूपाने सर्रास पैजा लावीत. ह्या प्रकाराला आळा घालण्यासाठी १७७४ साली पार्लमेंटने कायदा केला. ज्याच्या जीवावर विमा उतरवावयाचा, त्याच्या जगण्यात उतरविणाराचा काही हितसंबंध असला पाहिजे आणि त्या हितसंबंधाच्या मूल्याहून अधिक रक्कम वसूल होता कामा नये, हे त्या कायद्याचे सार. विमायोग्य हितसंबंधाची ही कल्पना कर्त्या माणसाच्या विम्याचा पाया आहे.

परंतु हितसंबंध केव्हा असावयास हवा? विमा उतरविताना, की मृत्यूच्या वेळी? ह्या प्रश्नाचा निकाल ज्या खटल्यांतून लागला, त्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. धाकटा विल्यम पिट हा इंग्लंडचा मुख्य प्रधान. राज्याचा खजिना त्याने सांभाळला, पण स्वतःचा प्रपंच त्याला सांभाळता आला नाही. गॉडसॉल नावाच्या गाडी बनविणाऱ्या पेढीचे त्याच्याकडे हजार पौंडांहून अधिक येणे होते. पेढीने १८०३ साली पिटच्या जीवावर पाचशे पौंडांचा विमा उतरविला. १८०६ च्या जानेवारीत पिट वारला, आणि पार्लमेंटने त्याची देणी भागविण्यासाठी चाळीस हजार पौंड मंजूर केले. त्यांतून गाडीवाल्यांचे पैसे पूर्णपणे चुकते झाले. विमा कंपनी म्हणाली : तुमचे नुकसान झालेच नाही, मग भरपाई कशाची? १८०७ साली न्यायमूर्ती लॉर्ड एलेनबरो ह्यांनी कंपनीचे म्हणणे मान्य केले. आयुर्विमा हा आगीच्या विम्यासारखाच क्षतिपूर्तीचा करार होय, असे त्यांचे मत होते.

तर्कदृष्ट्या हा निर्णय नीटस दिसतो. व्यवहाराला मात्र तो मानवला नाही. स्वतः विमा कंपन्यांनीही त्याचा आधार घेण्याचे सहसा टाळले, कारण असा आधार घेणाऱ्या कंपनीकडे पुढे गिऱ्हाईक फिरकले नसते. अखेर १८५४ साली डाल्बी ह्यांच्या खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. केंब्रिजच्या ड्यूकच्या जीवावर एका कंपनीने घेतलेली जोखीम तिने दुसऱ्या कंपनीकडे पुन्हा उतरविली होती, आणि ड्यूकच्या मृत्यूपूर्वीच मूळ पॉलिसी संपुष्टात आली होती. न्यायमूर्ती पार्क ह्यांनी असे प्रतिपादन केले की, आयुर्विमा हा क्षतिपूर्तीचा करार नव्हे. ठरलेल्या हप्त्यांच्या मोबदल्यात ठरलेली रक्कम मृत्यूनंतर देण्याचा तो करार आहे. हितसंबंध करार करतेवेळी असला म्हणजे पुरे. पुढे १८६३ साली हेब्डन ह्यांच्या खटल्यात एका बँकेतील कारकुनाने आपल्या मालकाच्या जीवावर उतरविलेल्या विम्याचा प्रश्न आला. सालीना सहाशे पौंड वेतनावर सात वर्षे नोकरी देण्याचे वचन मालकाने दिले होते. त्या करारातून उत्पन्न होणारा हितसंबंध न्यायालयाने मान्य केला, तथापि मालकाच्या निव्वळ दयाबुद्धीवर अवलंबून असलेली अपेक्षा मान्य केली नाही. येथे नोकर धन्याचा विमा उतरवितो आहे, म्हणजे आपल्या विषयाची ही उलटी बाजू. परंतु मापाची कसोटी तीच : आपुलकी नव्हे, आशा नव्हे, पैशांत मोजता येईल असा संबंध.

भारतात १७७४ च्या कायद्यासारखे स्वतंत्र कलम नाही. येथे काम करते ते १८७२ च्या करार कायद्यातील तिसावे कलम, ज्यान्वये पैजेचे करार शून्य ठरतात. हितसंबंधावाचून उतरविलेला विमा ही पैजच होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८९८ साली अलामाई ह्यांच्या खटल्यात दिला, आणि त्यानंतर ह्या देशातील विचार त्याच मार्गाने गेला. मालकाचा नोकराच्या जीवात हितसंबंध असतो, भागीदाराचा भागीदाराच्या जीवात असतो, धनकोचा ऋणकोच्या जीवात असतो, ही सूत्रे आता वादातीत आहेत.

वाद उरतो तो रकमेचा. डाल्बीच्या निर्णयाने आयुर्विमा क्षतिपूर्तीचा करार राहिला नाही हे खरे. तरी कर्त्या माणसाच्या विम्यात क्षतिपूर्तीची कल्पना मागील दाराने परत येते. कारण विमा कंपनी रक्कम ठरविताना हेच विचारते की, हा माणूस गेल्यास धंद्याचे नुकसान किती? आपल्याकडे रूढ असलेला ठोकताळा असा की, त्या माणसाच्या वार्षिक वेतनाची दहापट, गेल्या तीन वर्षांच्या सरासरी ढोबळ नफ्याची तिप्पट, किंवा सरासरी निव्वळ नफ्याची पाचपट, ह्यांपैकी जी रक्कम सर्वांत कमी ती वरची मर्यादा धरावी. ह्या पटींमागे सूक्ष्म गणित आहे असे मानण्याचे कारण नाही. माणूस जिवंत असण्यापेक्षा मेलेला अधिक किफायतशीर ठरू नये, एवढीच सावधगिरी त्यांत आहे, आणि ती योग्यच आहे. दुसरा ठोकताळा भागभांडवलाचा : ज्या माणसाच्या हाती कंपनीचे एक्कावन्न टक्के वा अधिक भाग आहेत, किंवा कुटुंबासह सत्तर टक्के वा अधिक आहेत, त्याच्या जीवावर असा विमा सहसा दिला जात नाही. कारण उघड आहे. तेथे कंपनी आणि माणूस ही दोन नावे असली तरी खिसा एकच असतो.

आता आरंभी म्हटलेल्या अडचणीकडे येतो. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना स्वातंत्र्य ही कसोटी धरली आहे : क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. आणि ज्याच्यावाचून क्रिया सिद्धीस जात नाही अशा अत्यंत उपकारक साधनाला त्याने करण म्हटले. हा भेद मनात ठेवून पाहिले तर कर्त्या माणसाच्या विम्यातील माणूस कायद्याच्या दृष्टीने कर्ता नव्हेच. विमा उतरविण्याच्या क्रियेत कर्ता आहे ती पेढी. तो माणूस आहे तिचे श्रेष्ठ साधन, म्हणजे करण. एकत्र हिंदू कुटुंबाच्या कायद्यात 'कर्ता' हा शब्द इंग्रजी निवाड्यांतही जसाच्या तसा वापरतात, आणि तेथे तो खरोखर स्वतंत्र असतो. कारखान्यातील धातुतज्ज्ञ वेतनावर काम करतो, आणि उद्या त्याने राजीनामा दिला तर पॉलिसी मात्र पेढीपाशी राहते. व्यवहारात जो कर्ता वाटतो तोच करारात साधन ठरावा, ह्या विसंगतीतून ह्या विम्याचे बहुतेक सर्व वाद निघाले आहेत. तरीही मी 'कर्ता माणूस' हाच शब्द पसंत करतो. तो निदान त्या माणसाची बाजू विसरू देत नाही.

कायद्याने केलेली व्याख्या ह्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात ही व्याख्या १९९६ साली घालण्यात आली. तिचा आशय असा : एका व्यक्तीने दुसऱ्या अशा व्यक्तीच्या जीवावर घेतलेली आयुर्विमा पॉलिसी, जी दुसरी व्यक्ती पहिलीची कर्मचारी आहे किंवा होती, अथवा पहिलीच्या धंद्याशी कोणत्याही प्रकारे संबंधित आहे किंवा होती. भाषेच्या अभ्यासकाला येथे दोन गोष्टी तत्काळ जाणवतात. पहिली ही की, ज्या 'की' शब्दावरून विम्याचे नाव पडले, त्याचा अर्थ व्याख्येत कोठेच नाही. महत्त्व, अनिवार्यता, कौशल्य ह्यांपैकी एकही कसोटी तीत नाही. अक्षरशः अर्थ केला तर दारावरच्या पहारेकऱ्याच्या जीवावर मालकाने घेतलेली पॉलिसीही ह्याच व्याख्येत बसेल. दुसरी गोष्ट 'आहे किंवा होती' ह्या क्रियापदांची. भूतकाळी रूप घालून कायद्याने नोकरी सोडून गेलेल्या माणसालाही जाळ्यात घेतले.

व्याख्या इतकी सैल का, ह्याचे उत्तर तिच्या हेतूत आहे. ती सवलत देण्यासाठी केलेली नाही, सवलत नाकारण्यासाठी केली आहे. आयुर्विम्याच्या रकमेवर सर्वसाधारणपणे कर नसतो. ह्या पॉलिसीला ती सूट मिळू नये, हा तिचा उद्देश. अपवादाची व्याख्या जितकी रुंद, तितका सरकारी खजिना सुरक्षित. १९९८ च्या फेब्रुवारीत प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून, पेढीने भरलेला हप्ता हा धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येईल, असे स्पष्ट केले. म्हणजे व्यवस्था अशी झाली : हप्ता भरताना वजावट, आणि रक्कम हाती येताना ती धंद्याचे उत्पन्न म्हणून करपात्र. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२५ साली संमत झालेल्या आयकर कायद्यानेही हा विमाप्रकार सर्वसाधारण सुटीबाहेरच ठेवला आहे.

अमेरिकेत नेमका उलटा मार्ग धरला गेला. तेथील सप्ली-बिडल हार्डवेअर कंपनीने आपल्या अध्यक्षांच्या जीवावर एक लाख डॉलरांचा विमा उतरविला होता. १९१८ साली ते वारले, आणि ही रक्कम कंपनीचे उत्पन्न मानावयाची की नाही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२४ साली सरन्यायाधीश टाफ्ट ह्यांनी ती उत्पन्न नव्हे असा निर्णय दिला. कर्त्या माणसाच्या मृत्यूने झालेल्या हानीची ती भरपाई; हानी भरून निघणे म्हणजे मिळकत होणे नव्हे, असा त्या विचाराचा रोख आहे. त्याला अनुरूप अशी दुसरी बाजूही तेथे आहे : हप्त्याची वजावट मिळत नाही. ब्रिटनमध्ये १९४४ साली अर्थमंत्री सर जॉन अँडरसन ह्यांनी पार्लमेंटमध्ये जे निवेदन केले, त्यातून तिसरा मार्ग निघाला. संबंध केवळ मालक-नोकर असा असेल, विम्याचा हेतू नफ्यातील तूट भरून काढण्याचा असेल, आणि विमा वार्षिक वा अल्प मुदतीचा असेल, तर हप्ता वजा करता येतो, आणि मग येणारी रक्कम करपात्र धरतात. ह्या तिहींत श्रेष्ठ कोणता हे ठरविणे निरर्थक आहे. भरताना सूट तर घेताना कर, किंवा दोन्हीकडे काहीच नाही : हिशेब कोठे तरी जुळला म्हणजे झाले.

आपल्याकडे तो बराच काळ जुळला नव्हता, आणि त्याची युक्ती जाणून घेण्यासारखी आहे. कंपनीने आपल्या संचालकाच्या जीवावर मुदतीअखेर पैसे देणारी मोठी पॉलिसी घ्यावयाची. काही वर्षे भारी हप्ते भरून ते खर्चात दाखवावयाचे. आणि मग त्या क्षणीच्या अल्प समर्पणमूल्यावर ती पॉलिसी त्याच संचालकाच्या नावे अभिहस्तांकित करावयाची. पुढे मुदत भरली की सारी रक्कम त्याच्या हाती, आणि ती आता 'कर्त्या माणसाची' पॉलिसी उरली नाही म्हणून करमुक्त. दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात हा युक्तिवाद ग्राह्य मानला. ह्या युक्तीला दोन बाजूंनी पायबंद बसला. २००५ साली विमा नियामक प्राधिकरणाने असा विमा केवळ शुद्ध मुदत विम्याच्या स्वरूपात द्यावा असा दंडक घातला. मुदत विम्यात समर्पणमूल्य साठत नसल्यामुळे हस्तांतर करण्याजोगे काही उरत नाही. आणि २०१३ साली व्याख्येतच दुरुस्ती होऊन, मुदतीत केव्हाही, मोबदला घेऊन वा न घेता, दुसऱ्याच्या नावे केलेली पॉलिसीही कर्त्या माणसाचीच पॉलिसी राहील, असे ठरले. पॉलिसीचा जन्मकाळचा स्वभाव मालक बदलल्याने बदलत नाही, हे कायद्याला शब्दांत सांगावे लागले.

भागीदारी पेढ्यांचा प्रश्न ह्याहून साधा नव्हता. व्याख्या 'दुसऱ्या' व्यक्तीची भाषा करते. परंतु भागीदारी ही भागीदारांहून वेगळी व्यक्ती आहे काय? सामान्य कायद्यात नाही, आयकराच्या कायद्यात आहे. २०१० साली बी. एन. एक्सपोर्ट्स ह्या पेढीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने भागीदाराच्या जीवावरील विम्याचा हप्ता वजा करण्यास मान्यता दिली; व्याख्या नोकरापुरती मर्यादित नाही, धंद्याशी संबंधित अशा कोणालाही ती लागू आहे, हे त्यासाठी पुरेसे झाले. महाराष्ट्रातील छोट्या धंद्यांचा मोठा भाग भागीदारीचा असल्यामुळे ह्या निर्णयाचे महत्त्व न्यायालयाच्या आवाराबाहेरही आहे. दोन भागीदारांपैकी एक वारला, की त्याच्या वारसांना त्याचा हिस्सा रोख द्यावा लागतो. आणि तो देण्यासाठी यंत्रे विकण्याची पाळी आलेल्या पेढ्या ज्याने त्याने आपल्या गावी पाहिलेल्या असतील.

व्याख्येतील सैलपणाचे भय किती खरे आहे, हे मात्र अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. १९९३ पासून पुढील काही वर्षांत वॉलमार्ट ह्या दुकानदारी कंपनीने सुमारे साडेतीन लाख कर्मचाऱ्यांच्या जीवांवर विमे उतरविले. त्यांत माल मांडणारे होते, गल्ल्यावर बसणारे होते. ह्यांतील कोणीही गेल्याने कंपनीच्या नफ्याला धक्का बसला नसता. करातील लाभ हाच त्यामागील हेतू होता. ह्या प्रकारच्या विम्यांना 'मृत शेतकऱ्यांचे विमे' असे उपहासाचे नाव पडले. गोगोलच्या १८४२ च्या कादंबरीत मेलेल्या भूदासांची नावे विकत घेणारा एक इसम आहे. त्याची आठवण हे नाव ऐकताच होते. २००४ साली संघीय अपील न्यायालयाने टेक्सासच्या कायद्यानुसार कंपनीला अशा कर्मचाऱ्याच्या जीवात विमायोग्य हितसंबंध नाही असे ठरविले. २००६ साली निवृत्तिवेतन संरक्षण कायद्याने, कर्मचाऱ्याला लेखी सूचना देऊन त्याची लेखी संमती विमा उतरविण्यापूर्वी घेतली नसेल, तर मृत्यूनंतरच्या रकमेला, भरलेले हप्ते वगळता, करमाफी मिळणार नाही, अशी तरतूद केली.

'अमुक माणसावाचून अडते' ह्या विधानाचा खरेपणा तपासण्याचे साधन, आगीच्या विम्यात जसे जळालेल्या वास्तूचे मोजमाप असते तसे, येथे नाही. विमा कंपनीला ताळेबंद, वेतनपत्रके आणि संचालक मंडळाचा ठराव पाहूनच समाधान मानावे लागते, आणि हे तिन्ही कागद पेढीने स्वतःच तयार केलेले असतात. म्हणून पेढीने ठरावात त्या माणसाच्या कामाचा तपशील द्यावा, कोणती गिऱ्हाइके त्याच्यामुळे आहेत, कोणते कर्ज त्याच्या भरवशावर आहे, त्याची जागा भरण्यास किती काळ लागेल हे मांडावे, असा आग्रह धरणे योग्य होय. असा तपशील लिहावयास बसलेल्या काही पेढ्यांना पहिल्यांदाच उमगते की, ज्यावाचून अडेल असा माणूस व्यवस्थापकाच्या खुर्चीत नाही. तो हिशेबाच्या खोलीत आहे, किंवा भट्टीपाशी.

राहिला त्या माणसाच्या घराचा प्रश्न. पेढीच्या पॉलिसीतून वारसांना काही मिळत नाही हे वर सांगितले आहे. पेढीला त्यांच्यासाठी काही करावयाचे असल्यास त्याचा मार्ग वेगळा आहे : कुटुंबाच्या लाभासाठी निराळी पॉलिसी, किंवा नोकरीच्या करारातच मृत्यूनंतरच्या ठराविक रकमेची तरतूद. ह्या दोन्ही गोष्टींची कागदपत्रे वेगळी, करांचे परिणामही वेगळे. सही करण्यापूर्वी तपासणीच्या खोलीत बसलेल्या माणसाने आपण कोणत्या कागदावर सही करीत आहोत हे विचारावे, आणि ते त्याला त्याच्या भाषेत सांगितले जावे. प्रस्तावपत्रे आजही बहुतांशी इंग्रजीत असतात.